स्वीकार म्हणजे संमती का?

आमच्या धर्मग्रामात चर्चच्या आवारात एक लहानसे कुटुंब मार्गदर्शन केंद्र आहे. केंद्र म्हणजे जुन्या शाळेची एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कुरकुरणारा पंखा आणि भिंतीवर क्रूस. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही समुपदेशनाचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि प्रमुख धर्मगुरूंच्या आग्रहावरून आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे बसू लागलो. त्या अभ्यासक्रमात पहिल्याच दिवशी आम्हांला सांगण्यात आले होते, की समोरच्या माणसाला उपदेश करायचा नाही, त्याचा न्यायनिवाडा करायचा नाही. त्याला आहे तसा स्वीकारायचा आणि त्याचे मनापासून ऐकायचे. आयुष्यभर खडू हातात घेऊन बोलत आलेल्या माणसाला हा धडा किती जड गेला असेल, हे शिक्षकवर्गातील वाचकांना तरी सांगावयास नको.

ही शिकवण ज्या विचारधारेतून आली तिला मानवतावादी मानसशास्त्र असे म्हणतात. तिचे ऋण आम्ही मानतो. परंतु याच शिकवणीने आम्हांला एका प्रश्नापाशी आणून सोडले आणि तो प्रश्न वाचकांपुढे ठेवावा असे बरेच दिवस मनात होते. तो ज्या प्रसंगातून उभा राहिला तो प्रसंग संबंधित भाऊबहिणीच्या संमतीने आणि त्यांची ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून येथे देत आहोत.

पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ एके संध्याकाळी केंद्रात आले. झोप लागत नाही, घरात विनाकारण चिडचिड होते, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्या भेटीत खरे कारण बाहेर आले. आपल्या वसईत वाड्या विकल्या गेल्या आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या, तशी त्यांचीही वडिलोपार्जित वाडी विकली गेली होती. वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर त्यांच्याबरोबर बहिणीचेही नाव लागले होते. "कागदपत्रे सुटसुटीत करू, विक्री झाली की तुझा वाटा तुला देतो," असे सांगून त्यांनी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. बहिणीने भावाच्या शब्दावर विश्वास ठेवला. वाडी विकली गेली, पैसे आले, मुलासाठी सदनिका घेतली गेली. बहिणीला काहीच मिळाले नाही.

चार संध्याकाळी आम्ही त्यांचे ऐकले. आईवडिलांचे आजारपण आपण एकट्यानेच काढले, बहीण सणापुरती येत असे, तिच्या लग्नाचे कर्ज आपणच फेडले, असे पुष्कळ काही त्यांच्या मनात साचले होते. आम्ही अभ्यासक्रमात शिकल्याप्रमाणे त्यांच्या भावना त्यांनाच शब्दांत परत दिल्या. "तुमच्या कष्टांची कुणी दखल घेतली नाही, असे तुम्हांला वाटते," असे आम्ही म्हटले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चौथ्या संध्याकाळी उठताना ते म्हणाले, "सर, मन हलकं झालं. आता झोप लागते." आम्ही वहीत 'समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

पुढे नोव्हेंबर महिन्यात, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दफनभूमीत गेलो होतो. अंधार पडत आला होता. भावाचे कुटुंब मेणबत्त्या लावून निघून गेले होते आणि ती बहीण एकटीच वडिलांच्या कबरीपाशी उभी होती. ती एके काळी आमची विद्यार्थिनी. तिने हसून विचारले, "कसे आहात, सर?" आम्हांला तिच्या नजरेला नजर देता येईना. तिचा भाऊ आमच्याकडून मन हलके करून गेला होता. पण ज्या गोष्टीने ते जड झाले होते ती जागच्या जागी होती. तो भार उचलायला आम्ही हातभार लावला, की तो दृष्टीआड करायला?

चूक त्या पद्धतीची होती की आमची, हे ठरवण्यापूर्वी ती पद्धत कोठून आली हे पाहणे न्याय्य ठरेल.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रात दोन विचारांचा दबदबा होता. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाला माणूस अबोध मनातील प्रेरणांच्या ओढाताणीत सापडलेला दिसे. वर्तनवाद्यांना तो बाहेरून मिळणाऱ्या बक्षीस-शिक्षांनी घडत जाणारा दिसे. माणूस निवड करतो, मूल्ये जपतो, काहीतरी होऊ पाहतो, या अनुभवाला दोन्हीकडे जागा तोकडीच होती. या दोहोंना पर्याय म्हणून अमेरिकेत जी 'तिसरी शक्ती' उदयास आली तीत अब्राहम मॅस्लो, कार्ल रॉजर्स, रोलो मे ही नावे अग्रभागी होती. मॅस्लोने १९४३ साली मांडलेली गरजांची उतरंड आज बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. (तो प्रसिद्ध त्रिकोण मात्र मॅस्लोने स्वतः काढलेला नाही, तो इतरांनी नंतर काढला.) समुपदेशनाच्या खोलीवर खरा ठसा उमटवला तो रॉजर्सने. म्हणून त्याच्याकडेच वळू.

कार्ल रॉजर्सचा जन्म ८ जानेवारी १९०२ रोजी शिकागोजवळील ओक पार्क येथे झाला. घर कडक प्रॉटेस्टंट वळणाचे. पत्ते, नाच, नाटक, मद्य सारे वर्ज्य. आयुष्यातील पहिली सोड्याची बाटली पिताना आपल्याला काहीतरी पाप करत असल्यासारखे वाटले होते, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. अशा घरांची कल्पना यायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही! कुटुंब शेतावर राहायला गेले तेव्हा तो पतंगांचे निरीक्षण करू लागला आणि महाविद्यालयात त्याने प्रथम शेतीशास्त्र घेतले. १९२२ साली विद्यार्थ्यांच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेसाठी तो चीनला गेला. त्या प्रवासात त्याच्या घरच्या श्रद्धेला तडे गेले. तरीही १९२४ साली त्याने न्यू यॉर्कच्या युनियन धर्मशास्त्र विद्यालयात प्रवेश घेतला; पण दोन वर्षांनी ते सोडून तो समोरच्याच कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्राकडे वळला. परंपरागत अर्थाने तो ख्रिस्ती राहिला नाही, हे वाचकांपासून लपवण्याचे कारण नाही. मात्र धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्या तरुणाची माणसाविषयीची आस्था त्याच्यात शेवटपर्यंत टिकली, असे आम्हांला वाटते.

१९२८ पासून सुमारे बारा वर्षे तो रॉचेस्टर शहरात अडचणीतल्या मुलांसाठी काम करत होता. तेथील एक प्रसंग त्याने स्वतःच सांगितला आहे. एका बाईचा मुलगा फार व्रात्य होता. मुलाला लहानपणी आईने मनापासून स्वीकारले नाही हे मूळ कारण आहे, असे रॉजर्सचे निदान होते आणि ते आईला पटवून देण्याचा प्रयत्न तो कितीतरी भेटींत करत राहिला. काही उपयोग होईना. अखेर त्याने हार मानली आणि थांबू या असे सुचवले. बाई कबूल झाल्या, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून त्यांनी विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही समुपदेशन मिळते का? मिळते म्हटल्यावर त्या परत येऊन खुर्चीत बसल्या आणि आपल्या संसाराची मोडतोड, आपला गोंधळ, आपले अपयश घडाघडा सांगू लागल्या. निदानाच्या चौकटीत न बसणारी ती हकिगत होती. मदत खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली आणि मुलाच्या वागण्यातही फरक पडला.

जखम कोठे आहे हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्सने या प्रसंगातून घेतला. १९४२ साली समुपदेशनावरील त्याचे पुस्तक आले. त्यात एका माणसाबरोबर झालेल्या सर्व भेटींचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला संपूर्ण वृत्तान्त छापला होता. बंद दाराआड काय चालते हे त्या काळी कोणी उघड करत नसे. म्हणून ते धाडसच होते. मदतीसाठी येणाऱ्याला तो 'रुग्ण' म्हणत नसे. वकिलाकडे जाणाऱ्या अशिलासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तोच त्याने वापरला. अशील आपला दावा स्वतः घेऊन येतो. तो कोणाचा ताबेदार नसतो.

१९५७ साली एका प्रसिद्ध निबंधात त्याने माणसात बदल घडण्यासाठी समुपदेशकाकडून काय हवे ते मांडले. त्याच्या जगात शिरून त्याच्या नजरेने पाहता यावे; त्याच्याविषयी कोणतीही अट न घालता आदर असावा; आणि समुपदेशक स्वतः आतबाहेर एक असावा, त्याने मुखवटा घालू नये. रॉजर्सचे म्हणणे असे, की हे लाभले तर माणूस आपोआप वाढीकडे वळतो, जसे रोप उजेडाकडे वळते. हे सारे आवश्यक आहे आणि एवढे पुरेसेही आहे, असा त्याचा दावा होता. समुपदेशक आणि समोरचा माणूस यांच्या नात्याचा दर्जा फार महत्त्वाचा असतो, हे पुढील संशोधनाने पुनःपुन्हा दाखवले आहे. 'पुरेसे' या शब्दावरचा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

रॉजर्सची पद्धत प्रत्यक्ष कशी चाले हे पाहायचे असेल तर १९६५ सालचा एक चित्रपट पाहावा. ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुणी तीन नामवंत मानसोपचारतज्ज्ञांना एकापाठोपाठ भेटते, त्यांतील पहिला रॉजर्स. तिच्या लहान मुलीने तिला विचारलेले असते, की बाबांपासून वेगळी झाल्यावर तुझे दुसऱ्या कुणा पुरुषाशी संबंध आले का? आई 'नाही' म्हणून खोटे बोलते आणि ते खोटे तिला छळत राहते. मुलीला खरे सांगू का? खरे कळले तर तिच्या मनावर परिणाम होईल का? ती रॉजर्सकडे सरळ उत्तर मागते. एकदा नव्हे, अनेकदा मागते. रॉजर्स उत्तर देत नाही. मात्र तो टाळाटाळही करत नाही. हे उत्तर तुझ्यासाठी दुसरा कोणी देऊ शकणार नाही, पण तुझे उत्तर तुला सापडेपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे, अशी त्याची भूमिका असते. हळूहळू तिचे तिलाच उमगत जाते, की खोटे बोलण्यापेक्षाही आपण स्वतःला मान्य करू शकत नाही हे आपल्याला अधिक टोचते आहे.

हा चित्रपट आम्हांला अभ्यासक्रमात दाखवण्यात आला तेव्हा आमच्यातील काही जण अस्वस्थ झाले. एक धर्मभगिनी म्हणाल्या, "यांनी तिला बरेवाईट सांगायला नको का?" आम्ही त्या वेळी रॉजर्सची बाजू घेतली आणि आजही बऱ्याच अंशी घेऊ. ग्लोरियाला बरेवाईट ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? ते ठाऊक होते म्हणून तर ती अस्वस्थ होती. दुसऱ्याने दिलेले उत्तर घेऊन ती घरी गेली असती आणि मुलीसमोर उभी राहताच ते गळून पडले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज दिला त्यातही सदसद्विवेकबुद्धीला माणसाच्या अंतर्यामीचे असे पवित्र स्थान मानले आहे, जेथे तो परमेश्वरासमवेत एकटा असतो. त्या गाभाऱ्यात दुसऱ्याने पायातले न काढता शिरू नये, हे रॉजर्सने आपल्या वाटेने ओळखले होते. मानसशास्त्रासारख्या ऐहिक शास्त्रांच्या निष्कर्षांचा मेषपालकीय कार्यात उपयोग करावा, असेही त्याच दस्तऐवजात म्हटले आहे.

आणि तसा तो झालाही. ओहायो स्टेट विद्यापीठात रॉजर्सच्या हाताखाली शिकलेले धर्मगुरू चार्ल्स कुरन पुढे शिकागोच्या लोयोला विद्यापीठात शिकवू लागले. त्याच विद्यापीठात मुंबईत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी समुपदेशनाचे शिक्षण घेतले आणि सत्तरच्या दशकात प्रथम पुण्यात व नंतर लोणावळ्यात 'साधना' संस्था चालवली. आपल्याकडील किती धर्मगुरू आणि धर्मभगिनी तेथून ऐकायला शिकून आल्या! डिमेलोंच्या काही लिखाणाविषयी १९९८ साली रोमहून सावधगिरीची सूचना निघाली, हेही खरे आहे. परंतु तो वेगळा विषय आहे.

या प्रवासातील सर्वांत दुखरे पान लॉस एंजेलिसमधील आहे. मरियेच्या निष्कलंक हृदयाला वाहिलेल्या धर्मभगिनींचा एक संघ तेथे शाळा-महाविद्यालये चालवत असे. १९६७ च्या सुमारास रॉजर्स आणि त्याचे सहकारी त्यांच्या शाळांत गटचर्चांचा प्रयोग घेऊन गेले. लोकांनी गोल बसायचे आणि मनात असेल ते मोकळेपणाने बोलायचे. त्याच वर्षी भगिनींनी परिषदेच्या आवाहनानुसार आपल्या जीवनपद्धतीत बदल ठरवले. कार्डिनल मॅकिंटायर यांना ते मान्य झाले नाहीत. संघर्ष विकोपाला गेला आणि १९७० साली तीनशेच्या आसपास भगिनींनी व्रतांतून मुक्तता घेऊन वेगळा समुदाय स्थापन केला. त्या प्रयोगात सामील असलेला रॉजर्सचा सहकारी विल्यम कूलसन याने पुढे जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आणि संघ फुटण्याचा दोष त्या गटचर्चांना दिला. अनेक माजी भगिनींना ते अमान्य आहे. त्यांच्या मते मूळ वाद अधिकाराचा आणि नूतनीकरणाचा होता. शेकडो सुशिक्षित, प्रौढ स्त्रियांनी घेतलेला निर्णय काही आठवड्यांच्या गटचर्चांच्या माथी मारणे आम्हांला तरी त्या स्त्रियांचा अवमान करणारे वाटते. मात्र कूलसनच्या खंतीतला एक कण आम्ही टाकून देत नाही. 'मला काय वाटते' हाच अखेरचा निकष झाला, की दिलेल्या शब्दाचे काय होते, हा प्रश्न त्याने विचारला होता.

त्या गृहस्थांनीही बहिणीला शब्द दिला होता.

या ठिकाणी आम्हांला आधार वाटतो तो एका ज्यू विचारवंताचा. 'मी आणि तू' या नात्याचे चिंतन करणारे मार्टिन बुबर १९५७ साली अमेरिकेत असताना १८ एप्रिल रोजी मिशिगन विद्यापीठात त्यांचा आणि रॉजर्सचा जाहीर संवाद झाला. रॉजर्सला आदराची अपेक्षा होती, ती पूर्ण झाली. सहमतीची होती, ती मात्र सर्वस्वी पूर्ण झाली नाही. वयाची ऐंशी गाठत आलेले बुबर नम्रपणे पण ठामपणे म्हणाले, की तुमच्याकडे येणारा माणूस आणि तुम्ही खऱ्या अर्थाने बरोबरीचे नाही आहात. तो मदत मागायला आलेला आहे. तुम्ही त्याची बाजू आणि स्वतःची बाजू, दोन्ही पाहू शकता, त्याला ते शक्य नाही. रॉजर्सचा विश्वास असा, की माणसाच्या अगदी तळाशी पोहोचले तर तेथे जे सापडते ते विधायकच असते, त्यावर भरवसा ठेवता येतो. बुबरना माणूस दोन टोकांत ताणलेला दिसे. ज्यावर सर्वाधिक भरवसा ठेवावा आणि ज्यावर मुळीच ठेवू नये, ती दोन्ही टोके एकाच माणसात असतात. म्हणून केवळ स्वीकारणे ही त्यांच्या मते सुरुवात होती. त्याच्यापुढची पायरी अशी, की या माणसाने जे व्हायचे आहे ते ओळखून त्याला त्या दिशेने बळ द्यायचे आणि त्यासाठी वेळ आली तर त्याच्याच बाजूने, पण त्याच्याविरुद्धही झगडायचे.

विवाहित वाचकांना हे समजावून सांगावे लागू नये. पत्नी पतीला त्याच्या दोषांसह पत्करते. पण पत्करते म्हणून त्याचे पिणे ती गोड मानून घेत नाही. ती ज्या दिवशी बोलायची थांबते तो दिवस स्वीकाराचा नसतो. त्या दिवशी तिने आशा सोडलेली असते.

आता आमच्या खोलीकडे परत येऊ. आमचे नेमके काय चुकले? पहिल्याच संध्याकाळी आम्ही त्या गृहस्थांना सातव्या आज्ञेवर प्रवचन ऐकवले असते तर ते दुसऱ्यांदा आले नसते. प्रवचने त्यांनी जन्मभर ऐकली होती. इतकी वर्षे पापनिवेदनाला जाऊनही ही गोष्ट त्यांच्या ओठांवर आली नव्हती. ती आली कारण कोणीतरी कपाळाला आठी न घालता ऐकत होते. तेव्हा स्वीकार चुकला असे आम्ही म्हणणार नाही. त्या स्वीकाराशिवाय सत्य त्या खोलीत आलेच नसते.

पण त्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. ग्लोरियाचे दुःख बव्हंशी तिचे स्वतःचे होते आणि त्यात दुसरी कोणी होती ती तिचीच मुलगी, जिच्या हिताची काळजी तिला स्वतःला होती. आमच्या गृहस्थांच्या दुःखात एक तिसरी व्यक्ती होती; तिला आपण फसवले गेलो आहोत याची पुरती कल्पनाही नव्हती आणि तिच्या बाजूने बोलायला तेथे कोणी नव्हते. मानवतावादी मानसशास्त्राची नजर समोर बसलेल्या माणसावर इतकी खिळलेली असते, की खोलीबाहेरचा माणूस तिला अंधुक दिसतो. आम्हांला त्या विचारधारेत जाणवणारी उणीव हीच. छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकलनेही वेगळ्या शब्दांत हाच आक्षेप घेतला होता. त्याचे म्हणणे असे, की माणसाने स्वतःची पूर्तता हे ध्येय ठेवले तर ती हाती लागत नाही. तो एखाद्या कार्याला किंवा दुसऱ्या माणसाला वाहून घेतो तेव्हाच ती मागोमाग येते. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्तापाबरोबर नुकसानभरपाईची तयारी मागितली जाते ती का, हे आम्हांला लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात कळले नव्हते. दफनभूमीत त्या मुलीसमोर उभे असताना कळले. समुपदेशन हा संस्कार नव्हे आणि समुपदेशक हा काही धर्मगुरू नव्हे, हा भेद आम्ही मानतो. तो भेद आमच्या मौनाला पुरेसे कारण होता का, एवढाच प्रश्न आहे.

आणि येथे रॉजर्सविषयी एक गोष्ट कबूल करावी लागते. त्याच्या अटींपैकी तिसरी अट आम्ही पाळलीच नव्हती. दुसऱ्या संध्याकाळपासून ती बहीण आमच्या डोळ्यांसमोर होती. तिला आम्ही वर्गात शिकवले होते. समोरचे गृहस्थ बोलत असताना आमच्या मनात तिच्याविषयी कळवळा आणि त्यांच्याविषयी राग दाटून येत होता आणि चेहऱ्यावर मात्र समजूतदार शांतता होती. त्याला आम्ही स्वीकार म्हणत होतो. खरे तर तो मुखवटा होता, आणि त्यामागे नाराजी ओढवून घेण्याची भीती होती. रॉजर्स त्या खुर्चीत असता तर त्याने न्यायाधीशाचा सूर न लावता कदाचित एवढेच म्हटले असते, की मी तुमचे ऐकतो आहे आणि तरीही तुमच्या बहिणीचा विचार माझ्या मनातून जात नाही. आम्ही त्याच्या शिकवणीतून सोयीचे तेवढे उचलले होते.

अम्माऊसच्या वाटेवर प्रभू येशू त्या दोघा निराश शिष्यांना आधी विचारतो, की तुम्ही चालता चालता काय बोलत आहात? त्याला सारे ठाऊक आहे, तरी तो त्यांना त्यांची सगळी हकिगत, त्यांच्या चुकीच्या समजुतींसकट, सांगू देतो. लूक या शुभवर्तमानकाराने ती सविस्तर लिहिली आहे. नंतर प्रभू बोलतो, आणि बोलतो तेव्हा स्पष्टच बोलतो. आम्ही या उताऱ्याचा पूर्वार्ध प्रशिक्षणात पुष्कळदा ऐकला होता. उत्तरार्धाकडे वळायला आम्हांला एक वर्ष लागले.

वर्षभराने आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. आम्ही त्यांना सांगितले, की त्या चार संध्याकाळी आम्ही तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. तुमच्या बहिणीची बाजू आम्हांला आठवत होती आणि आम्ही बोललो नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, मग तेव्हाच का नाही बोललात? मी कुणीतरी बोलेल म्हणूनच आलो होतो." आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर कित्येक महिने चर्चमध्ये दिसले तरी ते मान वळवत. पुढे एके रविवारी पत्नीला घेऊन ते बहिणीकडे गेल्याचे आम्हांला त्यांच्या पत्नीकडून समजले. पैसा सदनिकेत अडकलेला आहे, तेव्हा हप्त्याहप्त्याने देणे चालू आहे. बहिणीने हप्ते घेतले. सणाला माहेरी मात्र ती अजून आलेली नाही.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी आम्ही त्यांना वाचावयास दिला. बहिणीला 'योग्य वाटा मिळाला नाही' असे आम्ही मूळ मजकुरात लिहिले होते. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतले, ते शब्द खोडले आणि त्या जागी 'काहीच मिळाले नाही' असे लिहिले. बाकीचा मजकूर त्यांनी तसाच राहू दिला.